बंदी धावपटूंवर, प्रशिक्षक मात्र पुन्हा शिबिरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तेजक चाचणीत एखादी भारतीय धावपटू दोषी ठरली की तिचे नाव, छायाचित्र आणि बंदीची वर्षे ठळकपणे छापली जातात; तिच्या प्रशिक्षकाचा उल्लेख क्वचितच होतो. या संदर्भात अश्विनी अक्कुंजीच्या कारकिर्दीकडे पुन्हा पाहायला हवे.

उडुपी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून आलेल्या अश्विनीने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनजित कौर, सिनी जोस आणि मनदीप कौर यांच्यासह ४ बाय ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले. दीड महिन्याच्या आतच ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने ४०० मीटर अडथळा शर्यत आणि रिले या दोन्हींत सुवर्ण मिळवले, तेव्हा ती २३ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी तिच्यासह ४०० मीटर गटातील सहा धावपटूंच्या नमुन्यांत ॲनाबॉलिक स्टेरॉइड (स्नायूंची ताकद वाढवणारे बंदी घातलेले द्रव्य) आढळले. युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी चीनमध्ये विकत घेतलेल्या जिनसेंग या औषधी मुळीतून ते शरीरात गेले असावे, असा बचाव धावपटूंनी केला. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था ‘नाडा’च्या शिस्तपालन समितीने तो विचारात घेऊन डिसेंबर २०११ मध्ये एक वर्षाचीच बंदी घातली, परंतु आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अपिलावर क्रीडा लवादाने जुलै २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिंपिक हुकले, आणि अश्विनीला आशियाई सुवर्णाची ती उंची पुन्हा कधी गाठता आली नाही.

शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूची, हा नियम कठोर असला तरी तो मला मान्य आहे. तो सैल केला तर प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या मुळीकडे बोट दाखवील. (जिनसेंगच्या कथेवर माझाही पुरता विश्वास नाही.) प्रश्न आहे तो त्या कथेतील दुसऱ्या पात्राचा. एकाच प्रशिक्षकाच्या हाताखालच्या, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिबिरातल्या सहा मुली एकाच हंगामात दोषी ठरल्यावर क्रीडा मंत्रालयाने ओगोरोदनिक यांना कामावरून दूर केले, ही कारवाई तत्पर होती हे मान्य करावे लागेल. पण काही वर्षांतच त्यांना राष्ट्रीय शिबिरात परत बोलावण्यात आले. पदके हवी होती, एवढेच त्यामागचे कारण दिसते.

जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत २०१५ पासून अशी तरतूद आहे की एकाच प्रशिक्षकाचे किंवा डॉक्टरचे एकापेक्षा अधिक खेळाडू दोषी आढळल्यास त्याची चौकशी आपोआप सुरू व्हावी. आपल्याकडे २०२२ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. म्हणजे अधिकारांची उणीव राहिलेली नाही. ‘नाडा’ने बंदी घातलेल्या खेळाडूंची यादी प्रसिद्ध करताना प्रत्येक नावापुढे, त्या काळात तो खेळाडू कोणत्या शिबिरात व कोणाच्या देखरेखीखाली होता आणि त्या व्यक्तीची चौकशी झाली की नाही, हेही नोंदवावे, अशी माझी मागणी आहे. क्रीडा पत्रकारांनीही बंदीच्या प्रत्येक बातमीच्या वेळी हे प्रश्न ॲथलेटिक्स महासंघाला विचारावेत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा