टेम्पर

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "मी शॉर्ट टेम्परचाच आहे, स्वभावाला औषध नाही." आणि फोन ठेवलास. ताईचा विषय निघाला म्हणून ठेवलास, हे कळलं मला. त्यावर लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त त्या शब्दावर लिहितो.

टेम्परचं मूळ लॅटिन 'टेम्पेरारे'. योग्य प्रमाणात मिसळणं, आवर घालणं. राग त्यात नव्हताच. शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असतं, त्यांच्या प्रमाणावर माणसाचा स्वभाव ठरतो, असं ग्रीक वैद्य मानत. त्या मिश्रणाला पुढे टेम्परामेंट म्हणू लागले. मिश्रण बिघडलं की डिस्टेम्पर. कुत्र्यांच्या रोगाचं नाव तेच. 'टेम्पर लूज करणं' म्हणजे हा तोल हातून सुटणं. चांगलं टेम्पर, वाईट टेम्पर असं बोलता बोलता नुसत्या टेम्परला रागाचा अर्थ चिकटला. म्हणून एकाच शब्दात तोलही आहे आणि तो गेल्यावरचा संतापही. तू दुसराच तेवढा उचललास.

ताईला फोन केलास का?

लोखंडाचं तर तुला माहीत आहे, पण पुन्हा सांगतो. छिन्नीचं टोक लालभडक तापवून पाणी दिलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. तशीच वापरली तर पहिल्या-दुसऱ्या घावात धारेची कपची उडते. म्हणून फक्त टोक विझवायचं, मागचा दांडा गरम ठेवायचा, टोक पॉलिश पेपरने पटकन उजळायचं आणि बघत राहायचं. मागची उष्णता पुढे सरकते तसे रंग धावतात: २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. छिन्नीला जांभळा धारेशी पोचला की लगेच पाण्यात. निळा होऊ दिला तर धार मऊ पडते, ठोकल्यावर मुडपते. पिवळ्यावर थांबवली तर तुटते. या दुसऱ्या, मंद तापवण्याला टेम्परिंग म्हणतात. कडकपणा थोडा सोडायचा आणि चिवटपणा घ्यायचा.

तेव्हा टेम्पर जन्माला येताना मिळत नाही, द्यावं लागतं. तुझं पहिलं पाणी झालंय, कडक आहेस, त्याचा मला अभिमान आहे. आमच्यापैकी कुणाचीही ओळख न सांगता तिथवर पोचलास. मला भीती कपची उडण्याची वाटते. ताईसारखं माणूस एकदा तुटलं की...

बघ, पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर. तू पाचवीत होतास, तिच्या हातून तुझा निळा डबा फुटला, तर तू दोन दिवस बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी तिच्या दप्तरात स्वतःची पेन्सिल ठेवून आलास आणि कुणाला सांगितलं नाहीस. मी पाहिलं होतं.

आई म्हणते, पत्र आता पुरे. ताई रात्री साडेनऊनंतर मोकळी असते. नंबर तोच आहे.

तुझा,
बाबा