पाळणाघरात नवीन मुलं येतात कुठून

प्रिय आई-बाबा,

फोनवर धड बोलणं होत नाही, मी हॅलो म्हणते आणि इकडे कुणीतरी कुणाची तरी गाडी ओढून घेतं, म्हणून सगळं टाईप करूनच पाठवतेय. बाबा, तुम्ही चष्मा लावून वाचा आणि आईलाही वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

तर माझ्या पाळणाघराचं कसं होणार म्हणून तुम्ही काळजीत आहात, पण काळजी करण्यासारखं काही नाहीये. जूनमध्ये मुलं कमी होणार हे खरंय पण ती दरवर्षीच होतात, तीन वर्षांची झाली की प्लेग्रुप नाहीतर नर्सरीला जातात, काहींची गावाहून आजी येते. त्या जागा भरायची तयारी मार्चपासूनच करावी लागते आणि ती चालू आहे.

बाबा, पेपरात छोटी जाहिरात आणि चौकात फ्लेक्स ही तुमची आयडिया ऐकली, पैसे तुम्ही देणार हेही ऐकलं. पण आमच्या कोथरूडात वाढदिवसाच्या शुभेच्छांमागे आधीच काही दिसत नाही, त्यात परवानगी नसली की कॉर्पोरेशनवाले काढून नेतात. आणि खरं सांगू का, फ्लेक्स वाचून माणूस मिसळ खायला जातो, पाच महिन्यांचं बाळ कुणी आणून देत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी स्वतः टाकलं तर दहा अंगठे येतात आणि फोन एकही नाही, तेच माझ्याकडच्या एखाद्या मुलाच्या आईने दोन ओळी लिहिल्या की संध्याकाळपर्यंत कुणीतरी बघायला येऊन जातं.

मग शोधायचं कुठे, तर ज्यांना गरज पडणारे त्या बायका त्याआधी कुठे जातात ते बघायचं. नोकरीवाल्या मुलींना 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले आठ आठवडेपर्यंत आधीच घेता येतात, म्हणजे कुणी पूर्ण आठ घेतले तर कामावर जायच्या दिवशी बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं. आणि लसी असतात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला. म्हणजे साडेतीनच्या डोसला दवाखान्यात बसलेली आई मनात रजेचे दिवस मोजतच असते, आणि ती हमखास डॉक्टरांनाच विचारते की कुणी चांगलं माहितीये का हो. म्हणून मी जवळच्या दोन-तीन मुलांच्या डॉक्टरांकडे स्वतः जाऊन भेटले, नुसतं कार्ड ठेवून आले नाही, तर कुणाला ताप आला तर मी काय करते, मुलाला कुणाच्या हातात देते, मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, हे सगळं सांगितलं. एक डॉक्टरबाई तर म्हणाल्या मीच येऊन बघते, आणि आल्या सुद्धा!

दुसरी गोष्ट बाबांना आवडेल, कारण ती सरकारी आहे. 2024 मध्ये सरकारने काढलं ना की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायच्या नाहीत, मुलांची झोप व्हावी म्हणून. निर्णय चांगलाच आहे, पण हिंजवडीला जाणाऱ्याची कंपनीची बस साडेसातला असते. मधल्या दीड-दोन तासांचं काय करायचं? तर मी सकाळची बॅच सुरू करतेय, सात ते शाळेची व्हॅन येईपर्यंत, दूध, डबा भरणं, वेणी, सगळं धरून. ही मुलं मोठी असतात, त्यांच्यामागे फार धावावं लागत नाही, आणि शाळा सुटल्यावर त्यातली निम्मी परत माझ्याकडेच राहतील असं दिसतंय.

ही मुलं मला व्हॅनकाकांनी दिली बरं का. कुठलं पोर कुलूपबंद घरापाशी उतरतं आणि शेजाऱ्यांकडून किल्ली घेतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना चहा देते, सणाला फराळ देते, कमिशन देत नाही, त्यांनीही मागितलं नाही. वनाजवरून मेट्रोने रामवाडीकडे जाणाऱ्या एक-दोघीही चौकशी करून गेल्यात, जाता जाता मुलाला सोडायचं आणि येताना घ्यायचं असं त्यांना सोयीचं पडतं, पण बघू, अजून पक्कं नाही.

आणि एक, ठरवतं कोण माहितीये? आई-बाप सीसीटीव्हीचं आणि फीचं विचारतात, पण हो-नाही करते ती बाळाची आजी. ती येते, बाथरूम बघते, स्वयंपाकघरात डबे उघडते, दुपारी टीव्ही लावता का, वरण कसलं करता असं विचारते. मला त्याचा राग येत नाही, आई, तू असतीस तर तूही हेच केलं असतंस, बहुतेक जास्तच. म्हणून हल्ली मी आजीलाच आधी बोलावते आणि मुलं जेवत असताना बोलावते. पहिला आठवडा आईने किंवा आजीने बाळासोबत इथेच बसायचं हे आधीच सांगते. घाई असणाऱ्या काही जणी तेवढ्यावरून जातात, जाऊ देत, तशांचं पुढे रोज संध्याकाळी सात वाजून गेल्यावर मुलाला न्यायला येणं होतं आणि मग भांडण होतं.

निखिल म्हणतो अजून एक मावशी घे आणि मुलं वाढव. मला नकोय. हॉलमध्ये जेवढी मुलं मला एका नजरेत दिसतात तेवढीच घेणार, त्यावरून आमची थोडी वादावादी चालू आहे, तुम्ही त्याला काही बोलू नका.

बाबा, पैसे द्यायचेच असतील तर फ्लेक्सऐवजी मागच्या बाल्कनीला जाळी बसवून द्या, पुढच्या बाल्कनीची झालीये, मागचं दार मी सध्या कायम बंद ठेवते आणि प्रत्येक आजी ते उघडून बघतेच. माप निखिल पाठवेल.

आई, नाचणीचं सत्त्व आणि मेतकूट दोन्ही संपत आलंय, वाईहून कुणी येत असेल तर पाठव, मऊ भातावर त्याशिवाय पोरं तोंड उघडत नाहीत. आणि मे महिन्यात तू आठ-दहा दिवस येतेस का ते कळव, नवीन बाळं रुळताना एक माणूस जास्त लागतं. बाबांना एकटं राहायला जमणार असेल तरच, नाहीतर दोघंही या.

तुमची,
मनू