आमचा एसी वाचवणाऱ्या मेकॅनिकभाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

अकोल्याच्या ऐन तलखीत तुम्ही आमचा एसी सुरू करून दिलात, त्याबद्दलची कृतज्ञता पैसे देताना शब्दांत मांडता आली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पारा 45 अंशांवर गेलेला असताना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना त्या खोलीत ठेवायचे तरी कसे, या काळजीने आम्ही खचून गेलो होतो.

तुमच्या आधी येऊन गेलेल्यांपैकी एकाने बाहेरच्या युनिटचे झाकणही न उघडता कॉम्प्रेसर जळाल्याचे सांगून नव्याचा भाव ऐकवला. दुसऱ्याने गॅस दर उन्हाळ्यात भरावाच लागतो, असे ठासून सांगितले. बंद नळ्यांतून फिरणारा गॅस वापराने संपत नाही, तो कमी झालाच असेल तर गळती शोधायला हवी आणि कमी गॅसवर मशीन चालवत राहिल्यास कॉम्प्रेसरची मोटर थंड न राहता तापत जाते, हे तुमच्याकडून ऐकल्यावर आजवर आमच्याकडून घेतलेले पैसे नेमके कशाचे होते, या विचाराने संताप आला.

तुमची एक गोष्ट मात्र मी कधीच विसरणार नाही. वडील वीज मंडळात लाइनमन होते, हे तुम्ही बोलता बोलता विचारून घेतले होते. कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर काढून, त्यात साठलेली वीज उतरवून, तुम्ही तो मीटरसकट थेट त्यांच्या पलंगापाशी आणलात आणि म्हणालात, “बाबा, आकडा तुम्हीच वाचा.” कपॅसिटरवर 40 मायक्रोफॅरड क्षमता छापलेली होती, मीटर 27 दाखवत होता. वडिलांनी जड जिभेने आकडा वाचला आणि विचारले, “मग मोटर उठणार कशी?” आजारी पडल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण त्यांच्यादेखत काय ते आम्हालाच विचारतो. तुम्ही त्यांना जाणकार मानलेत.

नवा कॉम्प्रेसर आमच्या गळ्यात मारणे तुम्हाला सहज शक्य होते. त्याऐवजी तुम्ही एक कपॅसिटर बदललात आणि धुळीने गच्च झालेली कॉइल पत्र्या वाकू न देता हलक्या धारेने धुतलीत. कॉइल कोंडली की उष्णता बाहेर पडत नाही आणि वाढलेल्या दाबाचा सगळा भार कॉम्प्रेसरवर येतो, हेही तुम्ही शांतपणे समजावलेत. ज्याला यंत्रातले काही कळत नाही, त्याच्या दारात उभे राहून खरे तेच सांगणारी माणसे आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचे संसार चालतात.

एसी बंद झाल्यावर आतले दाब सारखे होईपर्यंत तीन मिनिटे तरी थांबायचे, ही तुमची सूचना वडिलांनी इतकी मनावर घेतली आहे की तेवढा वेळ ते कोणालाही रिमोटला हात लावू देत नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत कॉइल धुण्यासाठी तुम्हीच यावे, ही विनंती. संध्याकाळी पडणाऱ्या व्होल्टेजविषयी तुम्हाला विचारायचे प्रश्न त्यांनी आईकडून लिहवून घेतले आहेत.

तुमचा ऋणी,
बाबांचा मुलगा