नाना, तुमच्या पाठकोऱ्या कागदाबद्दल

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

पहिल्यांदाच मुंबई बघायला निघालेल्या जोडप्याला लोक ठिकाणांची यादी देतात. गेटवे, चौपाटी, हाजी अली, राणीबाग, घारापुरी. तुम्ही आम्हाला यादी दिलीच नाहीत. पाठकोऱ्या कागदावर आधी वार लिहिलेत, मग दिशा, आणि ठिकाणं सगळ्यात शेवटी. अख्खी नोकरी लोकलच्या वेळापत्रकात काढलेल्या माणसालाच हे सुचायचं. पत्र असं उघड लिहितोय, कारण कागद एकच आहे आणि मागणारे पुष्कळ झालेत.

पहिलीच ओळ होती राहण्याची: फोर्ट किंवा चर्चगेटच्या आसपास, खोली लहान मिळाली तरी चालेल. उपनगरात त्याच पैशांत मोठी खोली मिळते, म्हणून बहुतेक जण तिकडे उतरतात आणि तिथेच फसतात. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. उपनगरात उतरलेलं जोडपं दोन्ही वेळेला त्या लोंढ्यात सापडतं. दक्षिण टोकाला राहिलं की सगळं उलटं होतं. सकाळी साडेआठला चर्चगेटहून बोरिवलीला जाणाऱ्या गाडीत खिडकी मिळू शकते आणि संध्याकाळी सहाला परतताना समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं दिसतात. शिवाय दुपारी दोन तास खोलीवर जाऊन पाठ टेकता येते. जोडप्याचं भांडण दुपारी तीनला होतं, उन्हाने आणि भुकेने, असं तुम्ही समासात लिहून ठेवलंय. त्यावर जास्त काही लिहीत नाही.

मग वार. सोमवारी घारापुरीची लेणी बंद आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही बंद, म्हणजे त्याच्या आतली कान्हेरीची लेणीही गेली. बुधवारी राणीबाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीची वेळ. तेव्हा स्लो गाड्या फास्टच्या रुळावर वळवतात, काही स्टेशनं गाळतात, कधी एखादा टप्पाच बंद ठेवतात. नवख्या माणसाला हे फलाटावर उभं राहिल्यावर कळतं. म्हणून तुमचा हिशेब असा, की तीन दिवसांची सहल मंगळवारी सुरू करायची. मंगळवार पायी, बुधवार पाण्यावरून, गुरुवार लोकलने. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढणाऱ्यांना हे पटत नाही, पण गेटवेवरची रविवारची रांग एकदा बघितली की पटतं.

मंगळवारची पायपीट सीएसएमटीपासून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून. आत शिरायच्या आधी रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर उभं राहा, हे तुम्ही अधोरेखित केलं होतंत. या दोन्ही इमारती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्थानक 1888 मध्ये पुरं झालं, पालिका 1893 मध्ये. त्या कोपऱ्यावरूनच घुमटावरची ‘प्रगती’ नीट दिसते, एका हातात उंचावलेली मशाल आणि दुसऱ्या हाताशी चाक. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत, एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. गाडी पकडायच्या घाईत त्यांच्याकडे मान वर करून कोण बघतो? सामान बरोबर असेल तर ते आधी क्लोकरूमला टाकायचं. बॅगेला कुलूप नसलं तर ते घेत नाहीत, म्हणून दोन छोटी कुलपं घरूनच न्यायची.

तिथून हुतात्मा चौक, आणि पुढे ओव्हल मैदान. इथे घाई करू नका असं तुम्ही दोनदा लिहिलंत. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट: टोकदार कमानी, काळसर दगड, एकोणिसावं शतक. नुसती पाठ फिरवली की पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या इमारती, गोलाई दिलेले कोपरे, जहाजाच्या कठड्यासारखे सज्जे. 2018 मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर एकत्र जागतिक वारशात घेतला, तो याच समोरासमोर असण्यासाठी. चार वाजता इथे पोचायचं, कारण उतरतं ऊन तेव्हा बरोबर राजाबाईच्या अंगावर असतं. मग चर्चगेट ओलांडून दहा मिनिटांत मरीन ड्राइव्ह. सूर्य समुद्रात बुडायच्या अर्धा तास आधी कठड्यावर जागा धरायची.

बुधवारी घारापुरी. गेटवेवरून सकाळची पहिली नाही तर दुसरी लाँच. साधारण तास लागतो. तिकीट जाण्यायेण्याचं असतं, तेव्हा परतीचा तुकडा एकाच्याच खिशात ठेवायचा आणि तो कोणाच्या, हे आधी ठरवायचं. बेटावर पाय ठेवल्या ठेवल्या शेवटच्या लाँचची वेळ विचारायची. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद होतात, म्हणून जून ते सप्टेंबर हा बेत पक्का धरू नये. धक्क्यापासून वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकडं ती ओढतातच, म्हणून खाणं बंद सॅकमध्ये. पाण्याची बाटलीसुद्धा.

आणि लेण्यातली तुमची ती सूचना. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पाच मिनिटं काहीच बघायचं नाही, खांबाला टेकून नुसतं उभं राहायचं. बहुतेक लोक त्याच पाच मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतात आणि ‘अंधारच होता’ म्हणतात. डोळे सरावले की मागच्या भिंतीवरून साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा तीन मुखांचा शंकर, सदाशिव, पुढे येतो. मधला चेहरा शांत, डोळे मिटलेले. आपल्या डाव्या हाताला अघोर, मिशी, रागीट भुवई, हाताशी साप. उजव्या हाताला वामदेव, कोवळा, जवळजवळ बाईचा चेहरा, हातात कमळ. आधी डावीकडून चालत मध्ये यायचं, मग उजवीकडून, म्हणजे एकाच दगडात राग निवळताना दिसतो. हे कुठल्या गाइडने सांगितलं नसतं. निदान इतक्या कमी शब्दांत तरी नाही.

गुरुवारच्या लोकलसाठी तुम्ही पाठची बाजू पूर्ण भरली होतीत. इंडिकेटरवर गाडीचं नाव, वेळ, स्लो की फास्ट आणि डबे बारा की पंधरा, हे चारही वाचल्याशिवाय जागचं हलायचं नाही. वांद्रे, अंधेरीला उतरायचं असेल तर संध्याकाळची विरार फास्ट पकडायची नाही. दारातली माणसं दुष्ट नसतात, पण त्यांना लांब जायचं असतं आणि मधे उतरणाऱ्याला वाट द्यायला तिथे जागाच नसते. आधीच्या स्टेशनलाच “उतरणार का?” विचारत दाराकडे सरकायचं आणि फलाट कुठल्या बाजूला येतो ते विचारून ठेवायचं. गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. फोनवर तिकीट काढायचं तर स्टेशनात शिरायच्या आधी.

सगळ्यात कामाचा होता चुकामुकीचा नियम. एक आत चढला, दुसरा फलाटावर राहिला, तर आतल्याने गाडी पुढे जिथे थांबेल तिथे उतरायचं आणि तिथून हलायचं नाही. फलाटावरच्याने मागची गाडी पकडून यायचं. फास्ट चुकली आणि स्लो मिळाली तरी चालतं, कारण फास्ट थांबते तिथे स्लो थांबतेच. पण दोघींचे फलाट वेगळे असतात, म्हणून भेटायची जागा फलाट नव्हे, त्याच स्टेशनातला चर्चगेटच्या बाजूचा पूल. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की उलटसुलट गाड्यांत तास जातो. आणि ती लेडीज डब्यात, तो जनरलमध्ये असं चढायचं असेल तर उतरल्यावर कुठे भेटायचं ते चढण्याआधी ठरवायचं.

कान्हेरीबद्दल कागदावर दोनच ओळी होत्या, आणि तेवढ्या पुरतात: बोरिवलीच्या फाटकापासून लेणी आत सहा किलोमीटरवर आहेत, चालत निघू नका, उद्यानाची बस आहे. शंभराहून जास्त लेणी सगळी बघायचा हट्ट नको, तिसऱ्या क्रमांकाचं लेणं, म्हणजे चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनेचं दालन), आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी बघा. पावसात हा कातळ शेवाळतो, तिथे चपला उपयोगाच्या नाहीत.

रिक्षाचंही तुम्ही लिहिलं होतंत. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाहीतच. तिथे काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने. हे ठाऊक नसल्याने चर्चगेटबाहेर रिक्षा शोधत उभी असलेली जोडपी रोज दिसतात.

आता कागदाला आमच्या दोन दुरुस्त्या, रागावू नका. तुम्ही सगळीकडे व्हीटी (म्हणजे आताचं सीएसएमटी) आणि एल्फिन्स्टन रोड लिहिलंय. फोनवर तिकीट काढणाऱ्याला एल्फिन्स्टन सापडत नाही, 2018 पासून ते प्रभादेवी आहे. दुसरी, तुमचा कागद भुयारी मेट्रोच्या आधीचा. आरे ते कफ परेड अशी ती 2025 च्या ऑक्टोबरपासून पूर्ण धावते, आणि विमानतळ, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट सगळं तिच्यावर आहे. विमानाने येणाऱ्या जोडप्याने बॅगा घेऊन लोकलमध्ये चढायचं कारणच उरलेलं नाही. तुमच्या अक्षराला हात लावला नाही. खाली उरलेल्या कोऱ्या जागेत पेन्सिलने लिहिलंय. बघून घ्या, आणि चुकलं असेल तर खोडरबर ड्रॉवरमध्ये आहेच.

तुमची,
वरच्या मजल्यावरची दोघं