मुलांना ऑडिशनला पाठवताय, मग आधी करार वाचा

मा. संपादक यांस,

परत एकदा गाण्याच्या रिअॅलिटी शोच्या ऑडिशनची जाहिरात सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरतेय, आणि आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात ज्याच्या घरी गाणारं मूल आहे तो प्रत्येक जण मला फोन करून विचारतोय की मॅडम, गाणं कुठलं बसवायचं. मी गाणं शिकवते म्हणून विचारतात, त्यात काही चूक नाही. पण गाणं कुठलं हा खरं म्हणजे शेवटचा प्रश्न झाला, त्याच्या आधी जे विचारायला पाहिजे ते कोणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र.

टीव्हीवर आपल्याला काय दिसतं, तर मूल दार ढकलून आत येतं, समोर जज बसलेले, ते गातं आणि तिथल्या तिथे निकाल लागतो. जाऊन आलेली मुलं सांगतात ते वेगळंच असतं. सकाळपासून रांग, छातीवर नंबर चिकटवलेला, आणि जजसमोर उभं राहायच्या आधी एकदा नाही तर दोनदा प्रोडक्शनच्या माणसांसमोर गाऊन दाखवायचं, तेही एखादं कडवं, की लगेच थँक्यू. फॉर्मवर गाण्याबद्दल दोन ओळी आणि घराबद्दल पानभर. वडील काय करतात, घरात कोणी आजारी आहे का, गाण्यासाठी काय सोडावं लागलं. सुरात गाणारी मुलं तर ढिगाने येतात, त्यातून कोणाची एव्ही, म्हणजे घरची गोष्ट सांगणारी छोटी फिल्म, चांगली होईल हे क्रिएटिव्ह टीमला बघायचं असतं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्यांची नोकरी त्यावर चालते, मी त्यांना एकट्यांना दोष देत नाही.

माझ्याकडे शिकलेली एक मुलगी अशाच एका शोमध्ये बऱ्यापैकी पुढे गेली होती. चॅनल कुठलं ते सांगत नाही. वडिलांचं दुकान आहे, घर व्यवस्थित चाललंय, पण शूटिंगची टीम गावात आली तेव्हा त्यांनी पुढची खोली सोडून मागची जुनी पडवी निवडली, आईला तिथे चुलीसमोर बसवलं आणि परत परत विचारलं की मुलीच्या गाण्यासाठी काही विकावं लागलं का. ती नाही म्हणत राहिली. मग माहेरच्या गाण्याचा विषय निघाला, तिचा भाऊ भजनात गायचा, तो वारला, ते सांगताना तिला रडू आलं. एपिसोडमध्ये ते रडणं दिसलं पण भाऊ कुठेच नव्हता, त्याच्या आधी निवेदकाचं वाक्य होतं की परिस्थितीशी झगडून या माऊलीने मुलीला शिकवलं. गावात लोक त्या बापाला विचारायला लागले की दुकान बुडालं काय रे तुझं. तो माणूस आजही त्या विषयावर बोलत नाही.

असं दाखवायचा हक्क त्यांच्याकडे होता, कारण बापाने सही केलेली होती. हे करार इंग्रजीत असतात, जाडजूड असतात आणि बहुतेक वेळा ऐन गडबडीत हातात दिले जातात की लवकर सही करा, पुढच्या राउंडचं शूट आहे. आत काय असतं, तर आमच्या फुटेजची काटछाट कशीही करायचा हक्क, शो चालू असताना आणि नंतरही काही काळ दुसरीकडे गायचं नाही, आतलं बाहेर बोलायचं नाही, आणि पुढच्या कार्यक्रमांच्या मानधनात त्यांचा वाटा. जमिनीचा कागद असला तर आपण वकिलाला दाखवल्याशिवाय सही करत नाही, मग मुलाच्या आवाजाच्या कागदावर पाच मिनिटांत सही कशी काय करतो, मला खरंच कळत नाही.

गाणं शिकवणारी म्हणून मला सगळ्यात जास्त टोचतं ते आवाजाचं. टीव्हीवर पोचतो तो आवाज स्टेजवरचा जसाच्या तसा नसतो. वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतो, नंतर मिक्सिंग होतं, सूर घसरला असेल तिथे सॉफ्टवेअरने सरळ करता येतो, गरज पडली तर परत गाऊन घेतात. समोरच्या प्रेक्षकांच्या टाळ्या फ्लोअर मॅनेजरच्या खुणेवर, आणि जजच्या डोळ्यात पाणी आलं तो शॉट नेमका त्याच गाण्याचा असेल याची काही खात्री नाही. मोठ्यांचं ठीक आहे, त्यांना थोडंफार कळतं. माझ्या क्लासमधली नऊ-दहा वर्षांची मुलं मात्र ते ऐकून येतात आणि म्हणतात मॅडम, माझा आवाज तसा लागत नाही. अरे, तो कोणाचाच तसा लागत नाही बाळा! हे त्यांना पटवता पटवता माझी दमछाक होते.

कौतुकाचं पण तसंच. 2021 मध्ये एका मोठ्या हिंदी शोमध्ये किशोरकुमार यांच्यावर खास भाग झाला, त्यात पाहुणे म्हणून गेलेले त्यांचे चिरंजीव अमित कुमार यांनी नंतर उघड सांगितलं की मला सगळ्यांची स्तुती करायला सांगितलं होतं. एवढा मोठा कलाकार असं बोलला म्हणून ते कळलं. आमच्याकडे गोव्यात कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत परीक्षक समोर बसतात, अख्खा गाव ऐकत असतो, निकालावर पुढे महिनाभर वाद चालतात, पण कोण बेसूर झालं ते तिथल्या प्रत्येकाने स्वतःच्या कानाने ऐकलेलं असतं.

आता मतांबद्दल. मूल पुढच्या फेरीत गेलं की गावात फ्लेक्स लागतो, आमदारांचा फोटो, खाली व्होटिंगची माहिती, देवळात घोषणा होते की आपल्या मुलीला मतं द्या. कोणाला किती मतं पडली याचा पूर्ण हिशेब मी तरी कुठल्या शोमध्ये दाखवलेला बघितला नाही. पूर्वी एसएमएसचे जास्तीचे पैसे कापले जायचे. 2007 मध्ये कौन बनेगा करोडपतीबरोबर प्रेक्षकांसाठी एसएमएसची स्पर्धा होती, एका मेसेजला 2 रुपये 40 पैसे, बक्षीस त्याच पैशातून निघतं अशी तक्रार झाली आणि 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 1 कोटीचा दंड केला. पुढे 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला हेही सांगायला पाहिजे. ब्रिटनमध्ये तर विजेते आधीच निवडून झाल्यावरही लोकांचे पैशाचे फोन घेत राहिले म्हणून 2007 मध्ये जीएमटीव्ही या टीव्ही कंपनीला 20 लाख पौंड दंड झाला आणि पुढच्याच वर्षी आयटीव्ही या दुसऱ्या कंपनीला त्याच्याही दुपटीपेक्षा जास्त. अमेरिकेत 1950 च्या दशकात क्विझ शोमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं दिली जात होती हे उघड झालं, तेव्हा 1960 मध्ये कायद्यातच बदल करून अशी लबाडी गुन्हा ठरवली. म्हणजे बाहेरून कोणी तपासायला लागलं तरच हे सुधारतं.

मुलांसाठी आपल्याकडे नियम आहेत, हे मात्र बहुतेक पालकांना माहीतच नाही. 2008 मध्ये कोलकात्याची 16 वर्षांची एक मुलगी एका बंगाली शोमध्ये जजनी झापल्यानंतर इतकी आजारी पडली की तिची वाचा गेली, हॉस्पिटलमध्ये ठेवावी लागली, तेव्हा देशभर चर्चा झाली होती. आता 14 वर्षांखालच्या कलाकारांसाठी बालकामगार कायद्याचे 2017 चे नियम आहेत. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, जिथे शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस, शाळा बुडता कामा नये, आणि मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे मी पालकांना सांगते तेव्हा ते माझ्याकडे बघत राहतात. माझ्याकडे शिकलेली ती मुलगी सकाळी नऊला मेकअपला बसायची आणि रात्री अकराला सुटायची, तेव्हा यातलं एकही कलम आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि तिची आई म्हणाली की आपण बोललो तर काढून टाकतील हिला.

हे सगळं मुंबईत होतं, गोव्याचा काय संबंध असं कोणी म्हणू नये. 2021 च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात शूटिंग बंद होतं म्हणून मडगावच्या रवींद्र भवनात एका मराठी गाण्याच्या शोचं शूटिंग चाललं होतं आणि विरोध झाल्यावर ते थांबलं, हे सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा बोलणं झालं ते कोरोनावर आणि ते बरोबरच होतं. पण उद्या तसाच सेट गोव्यात परत लागला आणि त्यावर लहान मुलं असली तर ती किती तास उभी राहतात हे कोण बघणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गोवा मनोरंजन संस्थेने शूटिंगची परवानगी देताना मुलांचा भाग असेल तर या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेलं हमीपत्र आधी मागावं आणि सेटवर अचानक जाऊन तासांची नोंद तपासावी. कला अकादमीने ऑडिशनच्या दिवसांत पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवावी, एक वकील आणि शोमधून जाऊन आलेली दोन-तीन मोठी झालेली मुलं बोलवावी, हॉल त्यांचाच आहे, खर्च काही फार नाही. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने त्या नियमांची मराठी आणि कोंकणी प्रत आपल्या वेबसाइटवर टाकावी, म्हणजे माझ्यासारख्या शिक्षकांना ती छापून प्रत्येक पालकाच्या हातात देता येईल, ऑडिशनला जायच्या आधी.

आपली,
एक संगीत शिक्षिका, फोंडा तालुका