रडारला वस्तू दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जमिनीखालचे भुयार, खजिना किंवा जुनी कबर 'रडारने शोधून काढली' अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. अजून कुदळही लागलेली नसते आणि मथळा निकाल देऊन मोकळा होतो. हे तंत्र मला जवळून माहीत आहे, म्हणून हे पत्र.

भूभेदी रडारची गाडी ढकलत नेताना तिचा अँटेना खाली रेडिओ लहरी सोडत जातो. माती बदलली, पोकळी आली, धातू लागला की लहरीचा काही भाग परत फिरतो. आपण पुरलेल्या पाइपाकडे सरकतो तसे अंतर घटते, डोक्यावर आलो की सर्वांत कमी होते आणि ओलांडून गेलो की पुन्हा वाढते. त्यामुळे पडद्यावर गोल पाइप नव्हे, एक कमान उमटते. तशीच कमान मोठा दगडही देतो, झाडाचे जाड मूळही देते. कबरीत तर हाडे सहसा दिसतच नाहीत. कळतो तो कधीकाळी खणून पुन्हा भरलेला खड्डा.

खोलीचेही तसेच. यंत्र मोजते तो लहरीचा जाण्यायेण्याचा वेळ. वेग आपण धरायचा असतो. कोरड्या वाळूत लहर नॅनोसेकंदाला सुमारे 15 सेंटिमीटर जाते, पाण्याने भरलेल्या मातीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. पावसानंतर जुनाच वेग धरला, तर उथळ वस्तू खोल वाटते. ओल्या चिकणमातीत लहर बहुधा मीटरभरातच विरते. तिथे पडदा कोरा राहिला म्हणजे खाली काही नाही, असे मुळीच नव्हे. मला सर्वांत धोक्याचे हेच वाटते, कारण त्या कोऱ्या पडद्यावर विसंबून कुणीतरी तिथे जेसीबी घालतो आणि खाली विजेची केबल असू शकते.

पोलंडमधील वाउब्झिखची 'सोन्याची रेल्वे' आठवावी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तिथे जमिनीखाली दडवल्याचे सांगितले जाणारी, सोन्याने भरलेली आगगाडी. 2015 मध्ये रडारची प्रतिमा पाहून तिथल्या उपमंत्र्यांनी 99 टक्क्यांहून जास्त खात्री बोलून दाखवली. त्याच वर्षी क्राकोच्या शास्त्रज्ञांनी तपासणी करून रेल्वे नसल्याचे सांगितले आणि 2016 मध्ये खणल्यावर नैसर्गिक थरच निघाले. उलट नॉर्वेतील येलेस्टाडला 2018 मध्ये रडारवर जमिनीत पुरलेल्या व्हायकिंगकालीन जहाजाचा आकारच उमटला होता, सुमारे 20 मीटर लांब. असा बोलका आकार क्वचितच मिळतो. तिथेही पुढच्या उत्खननात जहाजाचे लोखंडी खिळे हाती आले, तेव्हा त्या प्रतिमेला पुरावा मिळाला. या तंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्याच्या तोंडी न बोललेले शब्द घातले की वाईट वाटते.

आपल्या वार्ताहरांनी अशा बातमीत जमीन कसली होती, अँटेना किती मेगाहर्ट्झचा होता आणि प्रत्यक्ष खणले की नाही, एवढे तरी द्यावे. आणि खणून काहीच निघाले नाही, तर तेही पहिल्या बातमीच्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक