चांदणीच्या डॉक्टर मॅडमना, माथेरानहून

डॉक्टर मॅडम, नमस्कार,

त्या रात्री तुमचे आभार मानायचं राहूनच गेलं, सकाळी तुम्ही चहा पण न घेता उतरलात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आपल्या घोडेवाल्या भावांनी पण वाचावं.

नाताळची गर्दी होती. माझी घोडी चांदणी दिवसभर पॉइंटला फिरलेली, रात्री दाण्याचा तोबरा लावला तर तोंड फिरवलं. थोड्या वेळाने पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, बसायची, उठायची, मग एकदम लोळायलाच लागली. अंगाला घाम. लीद दुपारपासून नव्हती. आमच्याकडे पोटात दुखलं की तेलाची बाटली तोंडात ओततात, मी पण बाटली हातात घेऊनच तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते, "बाटली खाली ठेवा, तेल फुप्फुसात गेलं तर पोटशूळ राहील बाजूला आणि ती न्यूमोनियाने जाईल."

मग फोनवरच मला जबड्याखालची नाडी शोधायला लावलीत. 15 सेकंदांत 15 ठोके, म्हणजे मिनिटाला 60. शांत उभ्या घोड्याचे साधारण 28 ते 44 असतात हे मला वीस वर्षं घोडे सांभाळून माहीत नव्हतं. हिरडीवर अंगठा दाबून बघा म्हणालात, रंग परत यायला तीन सेकंद लागले, दोनच्या आत यायला पाहिजे होता. दाणा काढून घ्या, हळूहळू फिरवा, पण शांत पडली तर उगाच उठवू नका आणि दुखणं थांबवायचं इंजेक्शन स्वतःहून टोचू नका, आतडं पिळलेलं असलं तर दुखणं झाकलं जाईल आणि ऑपरेशनची वेळ निघून जाईल, हे पण तुम्हीच सांगितलंत.

इथं बाहेरची गाडी दस्तुरी नाक्याच्या पुढे येत नाही, तरी रात्री एक वाजता तुम्ही बॅग, नळी आणि बादली घेऊन लाल मातीच्या रस्त्यानं चालत आलात. मी टॉर्च धरून उभा होतो. इंजेक्शन दिलंत, नाकातून नळी पोटापर्यंत घातलीत, आधी आतला गॅस आणि पाणी बाहेर येतंय का ते बघितलंत. घोड्याला उलटी होत नाही, पोट भरलं तर फुटू शकतं, म्हणून नळी आधी, हे तुम्ही माझ्या पोराला समजावत होतात, तो डोळे मोठे करून ऐकत होता. मग हात घालून तपासलंत आणि म्हणालात, पिळ नाही, डावीकडे मोठं आतडं वळतं आणि अरुंद होतं तिथं लीद घट्ट बसलीय. त्या वाक्यावर मी खाली बसलो, पाय लटपटत होते. नळीतून दोन-अडीच लिटर लिक्विड पॅराफिन आणि कोमट पाणी सोडलंत आणि पहाटेपर्यंत तबेल्यात पोत्यावर बसून राहिलात. दर अर्ध्या तासाला कुशीला कान लावून आतड्याचा आवाज ऐकायचा. पाच वाजता नाडी 40.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला तेलकट लीद पडली तेव्हा घरात सगळे ओरडले, माझी आई रडली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती लीद पाण्याच्या बादलीत कालवून ठेवली, थोड्या वेळानं तळाशी लाल मातीचा थर बसला. गवत आम्ही जमिनीवर टाकायचो, त्याबरोबर ती माती पण खात होती. त्यात सीझन म्हणून मी हरभरे एकदम दुप्पट केले होते आणि थंडीत ती पाणी कमी पित होती. तीन चुका, तिन्ही माझ्या. आता गवत गव्हाणीत, पाणी थंडीत कोमट, दाणा वाढवायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा, महिन्यातून काही दिवस इसबगोल, आणि दात तपासायला व जंताच्या औषधाला तुमचीच तारीख.

फी तुम्ही अर्धीच घेतलीत, ते आम्हाला कळलंय. तुमची निळी बादली मात्र तबेल्यातच राहिली, चांदणी आता त्यातूनच पाणी पिते, पुढच्या वेळी याल तेव्हा न्यायला तुमच्यासाठी नवी घेऊन ठेवली आहे.

तुमचा,
चांदणीचा मालक